परत मागणे : ‘रिपीट’ या इंग्रजी क्रियापदाविषयी

‘रिपीट’ हा शब्द आता मराठीच झाला आहे, असे कोणी म्हटले तर मी त्याच्याशी वाद घालणार नाही. औषधाच्या दुकानात गिऱ्हाईक ‘मागचेच औषध रिपीट करा’ म्हणते. कापडवाला ‘रिपीट ऑर्डर’ची वाट पाहत असतो. नापास होऊन त्याच वर्गात बसलेल्या मुलाला बाकीची मुले ‘रिपीटर’ म्हणतात, आणि एखादे गाणे आवडले की पोरे ते ‘रिपीटवर’ लावून मोकळी होतात. असा घरोब्याचा शब्द कोशात पाहावा असे कोणाच्या मनातही येत नाही. पण कारखान्यांतील इंग्रजी कागद वाचण्यात आणि कामगारांना ते समजावून देण्यात माझी तीसएक वर्षे गेली. तेवढ्यात माझी एक खात्री झाली आहे. अवघड शब्दाने माणूस सहसा फसत नाही. तो दिसला की माणूस थांबतो, चार जणांना विचारतो. फसगत होते ती सोप्या शब्दांनी. म्हणून आज या एका सोप्या शब्दाची थोडी झडती घ्यावी असे योजले आहे. मी भाषापंडित नाही. माझे इंग्रजी कंपनीच्या सूचनाफलकापुढे उभे राहून आणि रात्री जुना कोश चाळून झालेले आहे. तेव्हा व्याकरणापेक्षा व्यवहाराकडे माझा ओढा दिसला तर तो श्रोत्यांनी समजून घ्यावा.

प्रथम या क्रियापदाचा पसारा पाहू. इंग्रजीत ते एकच आहे; मराठीत मात्र ठिकाण बदलले की त्याला नवा शब्द लागतो. पाढे रिपीट करणे म्हणजे ते म्हणून दाखवणे. धडा रिपीट करणे म्हणजे उजळणी. शपथविधीच्या वेळी ‘रिपीट आफ्टर मी’ असे सांगतात, तेव्हा ‘माझ्या मागून म्हणा’ एवढाच त्याचा अर्थ. नाम पुन्हा पुन्हा घेतले तर तो जप, कीर्तनकाराने तीच ओळ घोळवून म्हटली तर ते पालुपद, आणि विद्यार्थ्याने निबंधात तेच वाक्य दोनदा लिहिले तर ती पुनरुक्ती. गुरुजी तिच्याखाली लाल रेघ मारतात. सुधारलो म्हणणारा माणूस जुन्या वळणावर गेला की आपण ‘ये रे माझ्या मागल्या’ म्हणतो, आणि वर्षभर खटपट करून काम मूळ ठिकाणी येऊन थांबले की ‘पहिले पाढे पंचावन्न’. म्हणजे मराठीत आदर, कंटाळा, थट्टा हे सारे त्या त्या शब्दातच आलेले असते. इंग्रजी क्रियापद मात्र कोरे आहे. ते बोलणाऱ्याचा राग सांगत नाही, लोभ सांगत नाही. एक गोष्ट झाली होती, ती आणखी एकदा झाली, एवढेच ते सांगते.

दोन वापर मात्र आपल्याला चकवणारे आहेत. ‘डोन्ट रिपीट धिस टू एनीवन’ असे एखाद्या साहेबाने म्हटले, तर ‘हे दोनदा सांगू नका’ असा त्याचा अर्थ नव्हे; एकदाही सांगायचे नाही, असा आहे. ऐकलेली गोष्ट दुसऱ्याच्या कानी घालणे, इकडचे तिकडे करणे, यालाही इंग्रजीत रिपीट करणेच म्हणतात. ‘ही रिपीटेड व्हॉट आय हॅड सेड’ या वाक्यात तो माणूस माझे शब्द घोकत बसला होता की त्याने माझी चहाडी केली, हे मागच्या-पुढच्या वाक्यांवरून ठरवावे लागते. दुसरा वापर जेवणातला. कांदा खाल्ल्यावर दुपारभर ढेकरांतून त्याची चव वर येत राहिली, तर इंग्रज म्हणतो की कांदा मला ‘रिपीट’ होतो आहे. तेथे कर्ता कांदा. माणूस बिचारा सोसणारा.

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

‘रिपीट’ या शब्दाच्या पोटात नेहमी मागची एक घटना असते. घटना एकदा तरी घडल्याखेरीज ती रिपीट होऊच शकत नाही. हे ऐकायला अगदी साधे वाटते. पण ही मागची घटना वाक्याच्या अशा कोपऱ्यात बसलेली असते की तिच्याकडे नजर जात नाही, आणि नकाराने ती पुसलीही जात नाही. ‘त्याने चोरी केली’ हे वाक्य घ्या. ‘त्याने चोरी केली नाही’ असे म्हटले की आरोप उडाला. आता ‘त्याने चोरी रिपीट केली’ हे घ्या आणि त्याला नकार लावा : ‘त्याने चोरी रिपीट केली नाही.’ दुसरी चोरी उडाली, पहिली जागच्या जागी! प्रश्न करून पाहा : ‘चोरी रिपीट केलीस का?’ हो म्हटले तर दोन चोऱ्या, नाही म्हटले तरी एक. ‘रिपीट केलीस तर याद राख’ असे म्हणा. तरी पहिली कायमच. वाक्य कसेही फिरवले तरी तळाशी ती उरतेच.

हे निव्वळ शब्दांचे खेळ आहेत असे ज्यांना वाटेल त्यांच्यासाठी एक घडलेली हकिकत सांगतो. एका कारखान्यात रात्रपाळीला लेथवर काम करणारा एक कामगार होता. चालू मशीन सोडून तो वीस मिनिटे गेला होता, असे सुपरवायझरचे म्हणणे. आपण टूलरूममधून टूल आणायला गेलो होतो, असे त्याचे म्हणणे. सकाळी त्याच्यापुढे टाइप केलेला एक कागद ठेवण्यात आला. त्यात एकच वाक्य होते : ‘आय अ‍ॅश्युअर यू दॅट आय शाल नॉट रिपीट द सेम.’ त्याने विचारले, काय लिहिले आहे? उत्तर मिळाले, ‘पुढे नीट काम करीन, असे लिहिले आहे. सही कर आणि घरी जा.’ पुढे नीट काम करायला त्याची ना नव्हतीच. त्याने मराठीत सही केली आणि घरी जाऊन झोपला.

दहा महिन्यांनी दुसऱ्याच एका कारणावरून त्याला आरोपपत्र मिळाले. त्यात शेवटी ‘पूर्वीचे वर्तन’ या मथळ्याखाली लिहिले होते की, सदर कामगाराने यापूर्वीही मशीन सोडून जाण्याचे गैरवर्तन केले असून ते त्याने लेखी कबूल केले आहे. तो माझ्याकडे आला तेव्हा शपथेवर सांगत होता की मी काहीएक कबूल केलेले नाही. आणि त्याच्या परीने ते खरेच होते. कबुलीचा शब्द त्या कागदात कोठेच नव्हता. कबुली ‘रिपीट’ या एका क्रियापदात होती.

चौकशीत त्याच्या बाजूने मी बसलो. मी व्यवस्थापनाच्या साक्षीदाराला तीनच प्रश्न विचारले. पहिल्या प्रसंगाबद्दल आरोपपत्र दिले होते काय? नाही. खुलासा मागितला होता काय? नाही. हा कागद कामगाराला मराठीत शब्दशः वाचून दाखवला होता काय? ‘त्याला समजले होते,’ असे उत्तर आले. आरोपपत्र नाही, खुलासा नाही, चौकशी नाही, आणि तरी गैरवर्तन शाबीत, असे कसे चालेल, हा आमचा मुद्दा चौकशी अधिकाऱ्याने अखेर नोंदवून घेतला. बडतर्फी टळली, चार दिवसांच्या बिनपगारी निलंबनावर निभावले. पुरता न्याय झाला असे मी म्हणणार नाही. नोकरी वाचली.

यात दोष इंग्रजीचा आहे असे मात्र कोणी समजू नये. ‘पुन्हा असे करणार नाही’ या मराठी वाक्यातही तीच कबुली आहे. किंबहुना मराठीत ती एका अक्षरात लपते. ‘यापुढे वेळेवर येईन’ असे लिहून दिले तर आजवर वेळेवर येत नव्हतो हे मान्य केल्यासारखे होते. ‘यापुढेही वेळेवर येईन’ असे लिहिले तर आजवर येत होतोच, असे होते. सगळी मदार त्या ‘ही’वर आहे. म्हणून आमच्याकडे कोणी मेमोचे उत्तर लिहायला आला की आरोप मान्य नसल्याचे पहिल्या ओळीत लिहून शेवटी ‘यापुढेही’ घालावे, असे मी सांगतो. खरोखर चूक झाली असेल तर गोष्ट वेगळी; तेथे ती सरळ शब्दांत मान्य करावी. पण मान्य करतो आहोत हे सही करणाऱ्याला ठाऊक असले पाहिजे.

याच क्रियापदाची भावंडेही कारखान्यात भेटतात. ‘रिपीट’ला दोन वेळा पुरतात. ‘रिपीटेड’ म्हटले की दोन पुरत नाहीत. ‘रिपीटेड वॉर्निंग्ज’ म्हणजे वारंवार दिलेल्या ताकिदी. ज्याला एकदाच ताकीद मिळाली आहे त्याच्या पत्रात हा शब्द आला तर हरकत घेतलीच पाहिजे. १९४६ च्या स्थायी आदेश कायद्याखाली केंद्राने जे आदर्श स्थायी आदेश केले होते, त्यांत गैरवर्तनाच्या यादीत एक कलम होते : ज्या लहानसहान कृत्यांबद्दल दंड करता येतो, त्यांची ‘फ्रीक्वेंट रिपीटिशन’, म्हणजे वरचेवर पुनरावृत्ती. नुसती पुनरावृत्ती नव्हे. ती वरचेवर झालेली असली पाहिजे. ‘फ्रीक्वेंट’ हे विशेषण गाळून कलमाचा उरलेला भाग तेवढा वाचून दाखवणारे वकील मी पाहिले आहेत. कायद्याचा कागद ऐकण्यापेक्षा हातात घेऊन पाहावा, तो यासाठीच.

‘रिपीटिशस’ म्हणजे तेच तेच बोलून कंटाळा आणणारा. वक्त्यांनी हा शब्द जपून ठेवावा. ‘रिपीटिटिव्ह’ हा कामाचा गुण. पट्ट्यावर तोच बोल्ट तसाच आवळायचा, दिवसभर. चार्ली चॅप्लिनने १९३६ च्या ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये हे काम करणारा मजूर दाखवला, पट्टा सोडून बाजूला झाला तरी त्याचे हात बोल्ट आवळीतच राहतात. थिएटरात आपण हसतो. असल्या कामाने मनगटे आणि खांदे धरतात, त्या दुखण्यालाही इंग्रजीत याच शब्दावरून नाव पडले आहे.

येथवर या शब्दाची वाईट बाजू सांगितली. दुसरी बाजू त्याच्या जन्मात आहे, आणि ती मला फार आवडते. चौदाव्या शतकाच्या अखेरीस हा शब्द फ्रेंचमधून इंग्रजीत आला. फ्रेंचांनी तो लॅटिनमधून घेतला. लॅटिनमध्ये ‘पेतेरे’ म्हणजे एखाद्या गोष्टीकडे धाव घेणे, ती शोधणे, ती मागणे. अर्ज या अर्थाचा ‘पिटिशन’ याच धातूचा. भूक या अर्थाचा ‘अ‍ॅपेटाइट’ त्याचाच, आणि एकाच वस्तूमागे अनेकांनी धावणे तो ‘कॉम्पिटिशन’ही त्याचाच. त्याच्या मागे ‘रे’ लावला की ‘रेपेतेरे’ झाले. या ‘रे’चा अर्थ इंग्रजांना समजावून देताना दोन शब्द लागतात, मराठी माणसाला एक पुरतो : परत. ‘त्याने पैसे परत मागितले’ या आपल्या वाक्याचे दोन अर्थ होतात. आणखी एकदा मागितले, हा एक. आपले होते ते माघारी मागितले, हा दुसरा. लॅटिन क्रियापदाचेही नेमके हेच दोन अर्थ आहेत. म्हणजे ‘रिपीट’ हा शब्द मुळात पाठांतराचा नव्हे, मागणीचा आहे.

रोमन लोकांनी तो तसाच वापरला. युद्ध पुकारण्यापूर्वी शेजारच्या राष्ट्राकडे आपले हक्काचे मागण्याचा त्यांचा एक विधी होता, त्याचे नावच या क्रियापदावरून पडले होते. लिव्ही या इतिहासकाराने त्याचे वर्णन केले आहे. रोमचा पुरोहित सरहद्द ओलांडताना मागणी बोलून दाखवी. पुढे वाटेत जो पहिला माणूस भेटेल त्याला तीच मागणी ऐकवी. शहराच्या वेशीत शिरताना पुन्हा, आणि बाजाराच्या चौकात पुन्हा. शब्दांत थोडाफार फरक, मागणी तीच. मग तेहेतीस दिवसांची मुदत. तेवढ्यात मागितलेले मिळाले नाही तर पुढची तयारी. संपाची नोटीस देऊन कारखान्याच्या फाटकावर, चाळीत आणि नाक्यावर तेच भाषण करीत फिरणाऱ्या आम्हा लोकांना हे वाचून रोम काही फार दूर वाटत नाही. अर्थात रोमचे सैन्य पाठीशी असलेली मागणी आणि उपाशी कामगाराची मागणी यांत अंतर आहे, हे मला कळते.

पुढे इ. स. पूर्व १४९ मध्ये रोमने एक कायदा करून कायमचे न्यायालय स्थापले. प्रांतांवर नेमलेल्या सुभेदारांनी तेथील रयतेकडून जे उकळले असेल ते तिला परत मागता यावे, यासाठी हे न्यायालय होते, आणि त्याच्या नावातही हेच क्रियापद होते : ‘रेपेतुंदे’, म्हणजे परत मागण्याजोगे पैसे. इ. स. पूर्व ७० मध्ये सिसिली बेटाच्या लोकांतर्फे सिसेरो याने त्यांचा माजी सुभेदार व्हेरीस याच्यावर खटला भरला, तो याच न्यायालयात. पुरावा असा पुढे आला की निकालाची वाट न पाहता व्हेरीस मार्सेला निघून गेला.

‘पिटिशन’ आणि ‘रिपीट’ हे सख्खे भाऊ कसे, हे इंग्लंडातील चार्टिस्ट कामगारांनी दाखवले. प्रत्येक प्रौढ पुरुषाला मत, गुप्त मतदान वगैरे सहा मागण्यांचा अर्ज त्यांनी पार्लमेंटकडे तीनदा नेला. १८३९ मध्ये सुमारे पावणेतेरा लाख सह्या होत्या. सभागृहाने तो ४६ विरुद्ध २३५ मतांनी फेटाळला. १८४२ मध्ये सह्या तेहेतीस लाखांवर गेल्या, पुन्हा नकार. १८४८ मध्ये पुढाऱ्यांनी सत्तावन्न लाखांचा आकडा सांगितला, पण कारकुनांनी मोजल्या तेव्हा त्या वीस लाखांच्याही आत भरल्या, आणि त्यांत राणी व्हिक्टोरियाचीसुद्धा ‘सही’ निघाली. त्या एका गोष्टीवरून खऱ्या लाखो सह्यांची टवाळी झाली. मागण्या मात्र मेल्या नाहीत. दरवर्षी पार्लमेंटची निवडणूक ही एक सोडून बाकीच्या पाचही १९१८ पर्यंत कायद्यात आल्या.

आपल्याकडेही असेच झाले. नारायण मेघाजी लोखंडे यांनी सप्टेंबर १८८४ मध्ये मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा घेतल्या आणि सुमारे साडेपाच हजार सह्यांचा अर्ज फॅक्टरी कमिशनपुढे ठेवला. आठवड्यात रविवारी सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, सूर्यास्ताला काम बंद, पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत हातात; या त्यांतल्या मुख्य मागण्या. त्या लगेच मान्य झाल्या नाहीत. लोखंडे त्याच मागण्या घेऊन फिरत राहिले, ‘दीनबंधू’तून लिहीत राहिले. २४ एप्रिल १८९० रोजी मुंबईत सुमारे दहा हजार कामगारांची सभा भरली. तीत दोन स्त्रियाही बोलल्या. त्यानंतर १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघाने रविवारची सुटी मान्य केली. १८८४ चा अर्ज फुकट गेला असे त्या वेळी अनेकांना वाटले असेल. पण १८९० ची मागणी नवी नव्हती, ती परत केलेली होती. आणि सहा वर्षे ती का मान्य केली नाही याचे उत्तर मालकांना द्यावे लागत होते.

येथे मघाचाच नियम उलट बाजूने उपयोगी पडतो. ‘रिपीट’च्या पोटात मागची घटना असते, ती जशी कामगाराला बांधते तशी मालकालाही बांधते. ‘आमची अमुक मागणी आहे’ असे पत्र गेले तर ते एक पत्र झाले. ‘अमुक तारखेच्या पत्रात केलेली मागणी आम्ही पुन्हा करीत आहोत’ असे लिहिले, आणि त्या पत्राची पोच जोडली, की पहिली मागणी आणि पहिले मौन ही दोन्ही नोंदली गेली. तारीख मात्र हवी. तारखेवाचून ‘पुन्हा’ हा शब्द नुसता त्रागा होतो.

अशा पत्रात पुष्कळ लोक ‘रिपीट’ऐवजी ‘रीइटरेट’ लिहितात. तो भारदस्त वाटतो. लॅटिनमध्ये ‘इतेरूम’ म्हणजेच ‘पुन्हा’, आणि त्याला वर आणखी ‘री’ जोडलेला. म्हणजे शब्दातच पुनरुक्ती. चालतो, चुकीचा नाही. पण तो बोलण्यापुरताच आहे. मागणी, मत, आरोप हे रीइटरेट होतात. गैरहजेरी किंवा अपघात होत नाहीत, ते रिपीटच होतात. ‘रिपीट अगेन’ हा प्रयोग मात्र टाळावा. तिसऱ्यांदा करायचे असेल तेव्हाच तो शोभतो.

उरली एक लहानशी गोष्ट, तीही उपयोगाची. बिनतारी संदेशावर समोरच्याचे बोलणे नीट ऐकू आले नाही तर इंग्रज आणि अमेरिकन सैन्यात ‘रिपीट’ म्हणण्याची मनाई असते. ‘से अगेन’ म्हणतात. कारण तोफखान्याच्या भाषेत ‘रिपीट’ म्हणजे मघाच्याच जागी तोफा पुन्हा डागा. तारेच्या भाषेत याच शब्दाचे काम निराळे होते. घाईत ‘नॉट’ गळला तर अर्थ उलटा होईल, म्हणून ‘डू नॉट रिपीट नॉट रिझ्यूम वर्क’ अशी तार करीत. आकडाही ‘फिफ्टीन रिपीट फिफ्टीन’ असा दोनदा घालीत. ज्याला ही रीत माहीत नाही तो पहिल्या तारेतून ‘रिपीट करू नका’ असा काहीतरी अर्थ काढीत बसे. देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली, पण ‘नॉट, रिपीट नॉट’ ही लकब इंग्रजी लिहिण्या-बोलण्यात अजून आढळते. तेथे ‘रिपीट’चा अर्थ ‘पुन्हा करा’ असा नव्हे. ‘आताचा शब्द मी पुन्हा सांगतो, तो नजरचुकीने गाळू नका’ असा घ्यावयाचा.